दुकानावरची कोड्याची पाटी

आमच्या घरात नुसत्या उत्तराला काडीची किंमत नव्हती. "उत्तर तं कोणीही सांगते वं शाले. कसं आलं ते सांग," असं बाबा म्हणत, आणि ते सांगता येईपर्यंत हातात पेन देत नसत. शिसपेन्सिल चालायची. पेन्सिलीने वाटेल ते लिहा, खोडा, पुन्हा लिहा. शाई लागायची ती मात्र शब्दाची फोड मोठ्याने करून दाखवल्यावरच. इंग्रजी पेपरातलं ते गूढ शब्दकोडं बाबा रोज दुपारी सोडवायला बसत, आणि पूर्ण भरलेल्या कोड्यातली तीन उत्तरं त्यांनी पेन्सिलीतच ठेवून दिलेली मी पाहिली आहेत. उत्तरं बरोबर असणार हे त्यांनाही कळत होतं. पण फोड जमली नव्हती, म्हणून शाई नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलेली उत्तरं तीच निघाली तरी ते पेन उचलत नसत. मला तेव्हा हा निव्वळ हेकटपणा वाटायचा.

महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत आमचं औषधांचं दुकान होतं. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि मध्ये लाकडी जिना. त्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय पडला की ती कुरकुरायची, त्यामुळे कोण उतरतंय ते खाली आधीच कळायचं. तेव्हा गोळ्या अशा चकचकीत पाकिटांत येत नसत. मोठ्या बाटल्यांतून मोजून कागदी पुडीत घालायच्या आणि पुडीवर लिहून द्यायचं. खोकल्याचं लाल औषध बाबा स्वतः बनवत, आणि बाटलीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवत. पट्ट्या कातरायचं काम माझं. पुड्यांवर नावं आणि वेळा लिहायचं कामही मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आलं होतं, आणि ते लिहिता लिहिता माझं अक्षर हुबेहूब बाबांसारखं झालं. आईला त्याचं फार कौतुक होतं. पुढे त्याच कौतुकाने आमचा घात केला.

दुपारी दोन ते चार दुकान बंद. उन्हाळ्यात तर त्या वेळी महालातलं कुत्रंही सावली सोडत नसे. वर जाऊन आम्ही जेवत असू. शनिवारी हमखास गोळाभात, म्हणजे भातात शिजवलेले डाळीच्या पिठाचे गोळे, आणि त्यावर आई हिंगाचं कडकडीत तेल ओतायची आणि त्या चर्र आवाजाला बाबा दर वेळी "वा" म्हणायचे. जेवण झालं की ते चटई टाकून पोटावर पालथे व्हायचे, पुढ्यात पेपर, शेजारी फाटका शब्दकोश आणि मी. गूढ कोड्याची युक्ती त्यांनी मला याच चटईवर शिकवली. ते म्हणायचे, "वाक्य काय सांगते तिकडे लक्ष नको देऊ. ते तुले फसवाले बसलं हाय. एका टोकाले शब्दाचा सरळ अर्थ लपला असते, अन् उरलेल्यात तो शब्द कसा बनवायचा ते सांगितलं असते. दोन्ही वाटा एकाच घरी आल्या, तरच उत्तर खरं." इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायला लागलं की ते मराठीत कोडं रचून दाखवत. ‘नदी उलटली आणि उरला गरीब, दोन अक्षरं.’ नदी उलटी लिहा: दीन. दीन म्हणजे गरीब. हे कळलं तेव्हा मी चटईवर टुणकन उडी मारली होती, आणि खालच्या रिकाम्या दुकानात बाटल्या किणकिणल्या होत्या.

त्यातूनच ती पाटी निघाली. काळ्या रंगाची हातभर फळी दुकानाच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असायची, आणि तिच्यावर रोज सकाळी खडूने एक मराठी कोडं. ‘रवा सांडला उलटा, गेला दिवस (२)’ अशी. लोक येता-जाता थांबत, डोकं खाजवत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर नवं कोडं आलं की कालच्याची फोड व्हायची. पायरीवर पाच-सात जण जमायचे, ज्याला आलं असेल त्याने ती करून दाखवायची आणि बरणीतली एक पेपरमिंटची गोळी न्यायची. नुसतं ‘वार’ असं ओरडणाऱ्याला गोळी मिळत नसे. बहुतेक गोळ्या बेंडे मास्तर न्यायचे. समोरच्या बोळात राहणारे निवृत्त शिक्षक, रक्तदाबाचे पेशंट, दर महिन्याला आमच्याकडूनच गोळ्या नेणारे. ते पेपरमिंट खिशात घालत नसत, तिथेच तोंडात टाकून कडाकड चावत. दात शाबूत असल्याचं ते प्रदर्शन होतं असं आई म्हणायची.

आता माझा नातू फोनवर कोडी सोडवतो. अडलं की एक बटण दाबतो आणि अक्षर आपोआप उमटतं. मी काही बोलत नाही. माझ्या डॉक्टरीणबाई मला सांगतात, "आजी, शब्दकोडी सोडवत जा, मेंदू तल्लख राहतो." त्यांनाही मी काही बोलत नाही. सांगायचंच झालं तर हे सगळं प्रकरण सांगावं लागेल, आणि बाहेर पेशंट ताटकळलेले असतात.

मी अकरावीत होते. बाजारात संत्री आली होती आणि आई साली उन्हात वाळत घालत होती. एका दुपारी मी ताटं उचलून चटईवर आले, तर बाबांनी कोड्यात एक शब्द लिहिलेला होता. शाईने. मी सवयीने विचारलं, "कसं आलं?" त्यांनी पेपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आलं," ते म्हणाले. मी हसले. मला वाटलं माझीच परीक्षा चालली आहे. मी फोड करायला गेले, पण होईना. शब्दाचा त्या ओळीशी काही संबंधच नव्हता. घरं सहा होती आणि त्यांनी पाच अक्षरं लिहून एक घर मोकळं सोडलं होतं. मी ते दाखवल्यावर ते एकदम भडकले. "काहून माझ्या मागं लागून राहिली? मले समजत नाई काय?" बाबांनी माझ्यावर आवाज चढवल्याचं मला त्याआधीचं एकही उदाहरण आठवत नाही. पेपर घडी करून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. झोप लागली नव्हती, पाठ हलत होती.

आईलाही काहीतरी दिसत होतं. दुकानाच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. एकदा ते आंघोळ करून आले आणि पुन्हा टॉवेल घेऊन आंघोळीला निघाले. आई त्यांच्यादेखत हसायची आणि माझ्याशी बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा. "शाले, तुह्या बाबाचं काही खरं दिसत नाई मले." पण तिने स्वतःपुरता एक उपाय शोधून काढला होता. ती शाळा फारशी शिकलेली नव्हती, कोड्याच्या वाटेला कधी जात नसे. तरी रोज सकाळी चुलीवर आधण ठेवण्याआधी ती खाली उतरायची, पाटीवर कोडं लिहिलेलं पाहायची, पायरीवरचे लोक ‘वा भाऊ’ म्हणताना ऐकायची आणि वर यायची. मला म्हणायची, "ज्याचं डोकं बिघडलं त्याले असं सुचते काय? नाई सुचत. उगाच काळजी करतो आपण." चहा मग नीट व्हायचा.

म्हणून ज्या सकाळी मी पाटीवर ‘रवा पावसात गेला पिशवी आणा (५)’ हे वाचलं, तेव्हा मला आधी आईच आठवली. त्या ओळीत काही नव्हतं. मी ती उलटी करून पाहिली, अक्षरं विस्कटून पाहिली, आत काही दडलंय का ते पाहिलं. ती नुसती एक भरकटलेली ओळ होती. बाबा आत बाटल्या पुसत होते, समाधानाने गुणगुणत होते. वर जिन्याची तिसरी पायरी कुरकुरली. मी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि सुचेल ते लिहिलं: ‘लोकांना गर्दीत दिसलेला साप (२)’. ‘लोकांना’चा ना आणि ‘गर्दीत’चा ग. नाग. आई खाली आली, तिने अक्षर पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज लवकर लिवलं वाटते यायनं." मी हो म्हटलं. एवढंच. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी अशी एका ‘हो’ने सुरू झाली.

पुढचे चार महिने पाटी मी लिहिली. पहाटेच उठून, आता त्यांनी रात्री-अपरात्री जे काही खरडलेलं असेल ते पुसायचं, माझं लिहायचं. कालच्या कोड्याची फोड मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवायची. जमलेल्यांची फोड करून झाली की, किंवा कोणालाच आली नाही की, बाबा खिशात हात घालायचे, चिठ्ठी काढायचे आणि वाचून दाखवायचे. वाचणं त्यांना येत होतं. पहिल्या दिवशी चिठ्ठी हाताला लागली तेव्हा ते थबकले, माझ्याकडे बघितलं, आणि चष्मा नाकावर सरकवून वाचायला लागले. त्यानंतर ते कधी थबकले नाहीत. त्यांना कळलं होतं का? मी या वयातही हे ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं, ते माझ्याइतकेच या कटात सामील होते. कधी वाटतं, खिशात चिठ्ठी सापडणं हे त्यांना तोवर जगाच्या नियमासारखं झालं असेल.

मला त्यात मजा येत होती, हे लिहिल्याशिवाय हे प्रकरण खरं होणार नाही. लाज वाटते, पण येत होती. पायरीवरच्या लोकांना मी रचलेलं कोडं सुटत नाही, ते कपाळाला आठ्या घालून निघून जातात, आणि हे फक्त मला माहीत आहे! कॉलेजात मी बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर उद्याचं कोडं रचत असे. औषधांचं काय, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. एकदा बाबा दोन हातांत दोन बाटल्या घेऊन बराच वेळ उभे होते. मी डावीकडच्या बाटलीला बोट लावलं, आणि त्यांनी त्यातल्या गोळ्या मोजल्या. मी स्वतःला सांगितलं, डोकं थकलंय, पण हात तीस वर्षांचे तयार आहेत, हात चुकणार नाहीत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण मला चांगली पाठ होती. तिच्यावर कोडंसुद्धा करून झालं होतं.

आणि मग मी ते कोडं लिहिलं. ‘आठ जखमांच्या खुणा, एवढंच मागे उरलं (४)’. आठ आणि वण. आठवण. आदल्या दिवशी बाबांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली होती, आणि ते मनात सलत होतं. त्यातून ही ओळ आली. बेंडे मास्तरांनी ती दुसऱ्या सकाळी सोडवली. पेपरमिंट घ्यायचंही विसरले. बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, इतक्या वर्षांत असं नाई लिवलं तुमी. काय वय झालं अन् काय डोकं चालून राहिलं!" बाबा खूश होऊन हसले. मास्तरांनी महिन्याच्या गोळ्या मागितल्या. मला कॉलेजला उशीर होत होता. मी पुडीवर नाव आणि वेळ लिहिली, ‘सकाळी एक’, पुडी बाबांच्या हातात दिली आणि सायकल काढली. पुडीत गोळ्या घालायचं तेवढं त्यांच्यावर सोडलं.

तिसऱ्या दिवशी, आम्ही जेवायला वर जायच्या बेतात असताना मास्तरांची सून पळत आली. पदराचं भान नव्हतं, हातात पुडी. "भाऊ, ह्या गोळ्या कशाच्या हायेत? मामंजी घामानं चिंब झाले, बोलून राहिले ते समजत नाई. आमच्या यायनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणते, साखर पार उतरली, काय खाल्लं ते आणा." बाबांनी पुडी घेतली, एक गोळी तळहातावर ठेवली आणि ते पाहत राहिले. मी गोळी पाहिली. ती रक्तदाबाची नव्हती. मधुमेहाची होती. म्हाताऱ्या माणसाने, साखर मुळात बरोबर असताना, रोज सकाळी ती घेतली होती, आणि त्या दिवशी तर त्यांचा उपास होता.

आई जिन्यात उभी होती. ती खाली आली ती बाबांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "हे शक्यच नाई, बाई. यायच्या हातून गोळी चुकत नाई. डोकं जाग्यावर नसतं तं ते लिवलं असतं काय यायनं?" आणि तिने पाटीकडे बोट केलं. पाटीवर माझं त्या दिवसाचं कोडं होतं, बाबांच्या वळणदार अक्षरात. तिचं ते बोट तसंच धरलेलं होतं, आणि मला समजलं की मी आता गप्प बसले तर ती जन्मभर ते तसंच धरून ठेवील. मी म्हटलं, "आई, ते मी लिवते. दिवाळीपासून मीच लिवते." मग सुनेला म्हटलं, "ताई, ह्या साखरेच्या गोळ्या हायेत. चुकल्या. डॉक्टरले सांगा, तीन दिवस घेतल्या. पळा." ती गेली. आईने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी रोज सकाळी ते पाहून चहा ठेवत होती वं."

मास्तर वाचले. पण डाव्या पायातलं बळ गेलं ते परत आलं नाही, आणि हाताला कायमचा कंप राहिला. आठ दिवसांनी मी एकटी त्यांना भेटायला गेले. खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी पाया पडले, माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "माफी राहू दे. आधी कसं झालं ते सांग." मी सगळं सांगितलं, पहिल्या पुसलेल्या ओळीपासून. दोन बाटल्यांचंसुद्धा. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "गोळी पाहिली तवाच मले वेगळी वाटली होती पोरी. जरा मोठी. म्हटलं, जाऊन विचारावं. चप्पल घातली. मग तुमची पाटी आठवली, ते आठवणीचं. म्हटलं, ज्याले असं सुचते त्याचा हात कसा चुकन? चप्पल काढली अन् गोळी घेतली." मला वाटलं जमीन फाटावी. मग ते म्हणाले, "म्हणजे चार महिने पेपरमिंट मी तुह्यं खाल्लं." आवाजात हसू आहे की काय म्हणून मी वर पाहिलं, पण त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. ती माणसं चांगली होती. त्यांनी कुठे तक्रार केली नाही, आणि त्या उपकाराचं ओझं तक्रारीपेक्षा जड झालं.

मी अजून रोज कोडं सोडवते. शाई लावण्याआधी रिकाम्या खोलीत फोड मोठ्याने बोलते. शेजारणीला वाटतं म्हातारी स्वतःशी बडबडते. माझ्या लेकीला मी सांगून ठेवलं आहे, की ज्या दिवशी मी ‘आलं’ एवढंच म्हणून शाईने लिहीन, त्या दिवशी पेन काढून घे आणि सगळ्यांना सांग. लपवू नकोस. माझ्या मायेपोटी तर मुळीच लपवू नकोस. ती म्हणते, "आई, काहीतरीच काय." मीही तेच म्हणाले असते.

दुकान बंद करायचं ठरलं तो दिवस मला चांगला आठवतो. मामा काटोलहून येऊन बाटल्या खोक्यांत भरत होते, आई वर भांडी लावत होती. लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं. मी पाटी पुसली आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात, जे मला तेव्हा नीट येतही नव्हतं, सरळ लिहिलं: ‘बाबांना आता आठवत नाही. त्यांच्या हातून औषध चुकलं. दुकान बंद आहे.’ आत काही दडवलेलं नव्हतं, काही उलटं नव्हतं. बाबा बाहेर आले. माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. ओठ हलवत, एकेक शब्दावर बोट फिरवत, ते चटईवर वाचायचे तशी. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, चिठ्ठी शोधली. खिसा रिकामा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच, पायरीवर कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून विचारलं, "शाले, किती अक्षरी हाय वं हे?"